शनिवारचे शेठ

"विझवलाच असणार त्यानं दिवा."

"नाही विझवला."

"तू पाहिलंस?"

"तुम्ही तरी कुठं पाहिलंत? मग विझवला म्हणून कशाच्या जोरावर सांगता?"

"अगं, जो माणूस स्वतःच्याच छत्रीखाली भिजतो त्याच्या धंद्यात कुठला शेठ हात घालील?"

"भिजला नाही तो. मुद्दाम अंगावर पाणी ओतून घेतलं त्यानं, छत्री टिकते की नाही ते दाखवायला."

"आणि टिकली नाही."

"उजवीकडून टिकली. डावीकडची तेवढी शिवण उसवली. शिवण काय, कुणाचीही उसवते."

निर्मळ गावातल्या एका पडवीत हा वाद मिट्ट काळोखात चालला होता. साल २००६, पाऊस नुकताच सरलेला, शनिवारची संध्याकाळ. आरामखुर्चीतून बोलत होता ज्युलियस तुस्कानो, आणि उंबऱ्यावर बसून त्याला उत्तरं देत होती त्याची बायको पॉलिन. पायरीवर शेजारची धोंडूबाई फुलवाली बसली होती. ज्युलियसचा चुलतभाऊ प्लासिड खांबाला टेकून दोन्ही बाजूंना आळीपाळीनं फूस देत होता. प्लासिडनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आळीतल्या कुठल्याही घरची संध्याकाळ त्याला आपलीच वाटायची.

ज्याच्यावरून वाद चालला होता तो माणूस या चौघांपैकी कुणाच्याच ओळखीचा नव्हता. तो होता इंदूरचा, आणि स्कूटरवर बसवायची छत्री घेऊन टीव्हीवर आला होता.

कार्यक्रमाचं नाव लांबलचक होतं, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. निर्मळमध्ये ते नाव कुणी कधी घेतलं नाही. 'शेठ लोकांचा प्रोग्राम' म्हटलं की झालं. पाच शेठ ओळीनं बसलेले, प्रत्येकापुढं टेबलावर एक दिवा. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून माणसं यायची, गोल गालिच्यावर उभी राहून आपल्या धंद्याची कल्पना सांगायची, त्यासाठी भांडवल मागायची. शेठ उलटसुलट प्रश्न विचारायचे. पटलं नाही की दिवा विझवायचे. पाचही विझले की गालिच्यावरच्या माणसानं मुकाट निघायचं. एक जरी पेटता राहिला तरी त्याचं नशीब फळफळलं.

छत्रीवाल्याचे चार दिवे विझले होते. पाचव्या शेठचा हात बटनाकडं गेला आणि इकडं गावाची लाईट गेली.

लोडशेडिंगचे दिवस होते ते. प्रोग्राम साडेसातला लागायचा आणि आठ वाजायच्या आत केव्हातरी लाईट जायची. निर्मळकरांनी तो प्रोग्राम शेवटपर्यंत म्हणून कधी पाहिला नाही, आणि सगळी गंमत त्यातच होती. अर्धा प्रोग्राम टीव्हीवर व्हायचा, उरलेला अर्धा पडवीत. आज घरोघरी इन्व्हर्टर आहेत, ज्यानं त्यानं आपल्या खोलीत आपलं काय ते पाहावं. अर्ध्यावर तुटलेली गोष्ट चौघांनी मिळून पुरी करायची वेळ आता कुणावर येत नाही. पण त्या आळीत अजूनही कुणी कुणाला नकार दिला की जुनी माणसं 'दिवा विझवला त्यानं' असंच म्हणतात.

तर, लाईट गेली की ज्युलियस खुर्चीखालून तीन सेलची लांबडी बॅटरी काढायचा आणि खुर्चीच्या हातावर ठेवून पेटवायचा. तो शेठचा दिवा. ज्युलियस म्हणजे पाचही शेठ. उजेडाचा गोल समोरच्या चटईवर पडायचा, आणि पॉलिन पदर खोचून त्या गोलात येऊन उभी राहायची. टीव्हीत अडकून पडलेला माणूस मग पडवीत पुढं बोलू लागायचा.

काय काय झाली नाही ती! न चुरगळणारं धोतर विकणारा राजकोटचा म्हातारा झाली, कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र आणलेली कोईम्बतूरची मास्तरीण झाली. मास्तरणीच्या वेळी शिट्ट्यासुद्धा तिनंच वाजवल्या, आणि धोंडूबाईच्या हातातली चाफ्याची परडी हसता हसता पायरीवर उपडी झाली. पॉलिन मूळची नंदाखालची. लग्नाआधी चर्चच्या सणाला होणाऱ्या नाटकात तिनं एकदा म्हातारीचं काम केलं होतं. ते इतकं वठलं की पुढं महिनाभर बाजारात लोक तिला 'आजी' म्हणून हाक मारत. लग्नानंतर स्टेज संपलं. या चटईवर ते तिला असं अवचित परत मिळालं होतं.

ज्युलियस खुर्चीत रेलून, मान वाकडी करून, डोळे बारीक करून ऐकायचा. मग प्रश्न. धोतर न चुरगळता धुवायचं कसं? कुकर बिघडला तर शिट्ट्या कोण मोजणार? शेवटी हात हळूच बॅटरीकडं न्यायचा, सगळ्यांना थोडं ताटकळत ठेवायचा, आणि खट्. काळोख. हशा. मग लगेच पुन्हा पेटवायचा, कारण पुढचा उमेदवार प्लासिड असायचा. मध्येच कुणी पाणी प्यायला उठलं तर तेवढ्यापुरतीही बॅटरी बंद. सेल काय झाडाला लागतात, असं तो दरवेळी विचारायचा.

ज्युलियसची ही खुर्ची समजायची तर आधी त्याची नोकरी समजायला हवी. फोर्टातल्या एका जहाज कंपनीत तो टपाल खात्यात कारकून होता. तरुणपणी चिकटला, डोक्याचे केस जाईस्तोवर तिथंच. सुटी हवी, उसनवार हवी, मुलाच्या कॉलेजसाठी शिफारस हवी, प्रत्येक वेळी साहेबाच्या टेबलापुढं जाऊन उभं राहायचं. टेबलापुढं खुर्ची होती. चांगली गादीची. पण इतक्या वर्षांत एकाही साहेबानं 'तुस्कानो, बसा' असं म्हटलं नाही. ही गोष्ट ज्युलियस दारू न पितासुद्धा सांगायचा. कुठल्याही विषयावरून तो तिथं पोचायचा. नाताळच्या जेवणात कुणी पाहुण्याला खुर्ची पुढं केली की याला साहेबाची खुर्ची आठवायची. कंपनी बुडायला आली तेव्हा त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गावी येऊन बापाच्या आरामखुर्चीत बसला. बसला तो बसलाच.

बॅटरी पेटवून दुसऱ्याचं मागणं ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते पॉलिन पहिल्या शनिवारपासून पाहत होती. म्हणून ती मुद्दाम हरायची. राजकोटच्या म्हाताऱ्याच्या धोतराला तिनं आपणहून एक सुरकुती पाडली. मास्तरणीला मोजण्यात चुकवलं. टीव्हीवरचा माणूस कितीही हुशार असो, पडवीत आला की त्यात काही ना काही खोट निघायची. ज्युलियसला दिवा विझवायला मिळावा, एवढ्यासाठी. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात? नवऱ्याला आवडतं म्हणून आपण आमटीत चिंच जास्त घालतो, तसंच ते.

पण त्या शनिवारी, छत्रीवाल्यावरून वाद चालला असताना, पॉलिनच्या मनात दुसरंच होतं.

घराच्या मागच्या अंगणात एक मांडव होता. बांबूचा, कमरेएवढा उंच, सासूच्या हातचा. सासू उर्सुलाबाय सुकेळी करायची. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली. आणखीही घरं करत, पण उर्सुलाबायच्या सुकेळीला निर्मळच्या जत्रेत वेगळा मान होता. कार्तिकातल्या एकादशीला देवळाच्या पायथ्याशी दुकानं लागत, त्यात उर्सुलाबायची चटई ठरलेल्या जागी असे. पहिली जुडी ती कधी विकत नसे, ती धोंडूबाईच्या सासूच्या हाती जायची, तिच्या उपासाला. गळ्यात रोझरी घातलेली उर्सुलाबाय एकादशीवाल्यांना फराळ विकायची आणि वर बजावायची, "सावकाश खा, उपास आहे ना आज?" पॉलिन तिच्या हाताखाली शिकली. केळं किती दाबलं की सोलायचं, किती वाकलं की उलटायचं, सगळं. सासू गेली आणि सुकेळीही गेली. ज्युलियस नोकरीवर, मुलाची, एरॉलची शाळा, संध्याकाळी केळी उचलायला दुसरे हात नाहीत. राजेळीची बेटं उभी राहिली, पण घड कच्चेच व्यापाऱ्याला जाऊ लागले. मांडवावर उश्या वाळू लागल्या.

त्या पावसाळ्यात मस्कतहून एरॉलचा फोन आला की नाताळला येतोय, आल्यावर गाडी घेणार. ज्युलियसची छाती फुगली. गाडीला जागा हवी, शेड हवी, खाली कोबा हवा. सगळ्या वाडीत नारळीची सावली. मोकळी, दिवसभर उन्हाची जागा एकच, मांडवाची. बोलता बोलता सिमेंटच्या गोणी येऊन मांडवाला टेकल्या, आणि आळीच्या टोकाला राहणारा कृष्णा गवंडी पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी कामाला येतो म्हणाला. जत्रा त्यानंतर.

पॉलिनला वाटत होतं की आता पुन्हा सुकेळी करावी. आताच, बोटांना आठवतंय तोवर. पण 'मला हवंय' हे वाक्य तिच्या तोंडाला सवयीचं नव्हतं. घरात मीठ हवं असायचं, एरॉलला वह्या हव्या असायच्या, कौलं बदलायला हवी असायची. तिला स्वतःला काही हवं असण्याचा प्रसंग इतका क्वचित आला होता की ते मागायचं कसं तेच ती विसरली होती. आठवडाभर ती मागच्या दारात उभी राहून गोणींकडं बघत होती. जेवताना तोंड उघडायची आणि भात वाढायची.

"वाद पुरे," प्लासिड म्हणाला. "पॉलिनबाय, छत्रीवाल्याला पुरा कर आता."

बॅटरी पेटली. पॉलिन उठली, पदर खोचला, चटईवर आली. छत्री म्हणून कोपऱ्यातली केरसुणी घ्यायची असं तिनं आधी ठरवलं होतं. केरसुणीकडं हात गेला नाही.

"नाव?" ज्युलियसनं शेठचा आवाज लावला.

"पॉलिन ज्युलियस तुस्कानो. राहणार निर्मळ."

प्लासिड खिंकाळला. छत्रीवाला इंदुराहून निघाला तो बाई होऊन पोचला, असं काहीसं तो म्हणाला. ज्युलियसलाही मजा वाटली.

"काय आणलंय आपण, बाई?"

"सुकेळी."

मग ती बोलू लागली. कसली नक्कल नाही, हातवारे नाहीत. राजेळी अढीत कशी पिकते, सोलून मांडवावरच्या गवतावर कशी मांडायची, ऊन उतरलं की एकेक उचलून वाळक्या पानांत कशी झाकायची, म्हणजे रात्रभर ती आपल्याच गोडीनं कशी पाझरतात, सकाळी पुन्हा उन्हात. असं करत करत एके दिवशी मधाचा रंग येतो आणि मागच्या दारातनं वास पडवीपर्यंत येतो. धोंडूबाईनं हातातला चाफा खाली ठेवला. तो वास तिला आठवला होता.

"हे तर बरेच जण करतात," शेठ म्हणाले. "तुमच्यात विशेष काय?"

"सासूचा हात माझ्या हातात आहे. वापरला नाही तर तो माझ्याबरोबर जाईल."

"वा. भांडवल किती पाहिजे?"

"पैसे नकोत. मागच्या अंगणातली उन्हाची जागा पाहिजे, मांडवाएवढी. आणि संध्याकाळी केळी उचलायला अजून दोन हात."

ज्युलियसनं मान वाकडी केली, डोळे बारीक केले. इतका रंगलेला उमेदवार त्याच्यापुढं आजवर आला नव्हता. त्यानं पुरेसं ताटकळत ठेवलं.

"बाई," तो म्हणाला, "त्या जागेचं एका गाडीनं आधीच बुकिंग केलंय. आणि हाताचं म्हणाल, तर शेठ लोक केळी उचलत नसतात."

खट्.

काळोखात प्लासिड पोट धरून हसला. ज्युलियस हसला. बॅटरी पुन्हा पेटली तेव्हा चटईवर कुणी नव्हतं. आत भांडी वाजत होती, रोजच्यासारखीच. आज पॉलिननं कमाल केली, क्षणभर अगदी खरं वाटलं, असं ज्युलियस धोंडूबाईला कौतुकानं सांगू लागला. धोंडूबाईनं परडी उचलली आणि फुलं सकाळी लवकर तोडायचीत म्हणून ती घरी गेली.

पुढच्या आठवड्यात पॉलिन रुसली नाही, अबोला धरला नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. फक्त बुधवारी केळीचा व्यापारी आला, त्याला तिनं परत पाठवलं. घड कापले ते आतल्या खोलीत पेंढ्यात घालून ठेवले. शुक्रवारपासून घरात पिकल्या राजेळीचा दरवळ सुटला. ज्युलियसनं विचारलं, एवढी केळी कोण खाणार. ती म्हणाली, बघू.

शनिवार आला. कृष्णा गवंडी परवा, सोमवारी यायचा होता. प्रोग्रामचा तो शेवटचा भाग होता. आणि काय नवल, लाईट गेलीच नाही. साडेसात, आठ, साडेआठ, बल्ब आपला पेटलेला. निर्मळच्या पडवीनं शेठ लोकांचा प्रोग्राम पहिल्यांदा आणि शेवटचा पुरा पाहिला. मागचे निकाल पुन्हा दाखवले, त्यात तो छत्रीवालाही होता. पाचव्या शेठनं हात बटनापर्यंत नेऊन मागं घेतला होता. दिवा पेटता होता.

प्लासिडनं लगेच ज्युलियसला डिवचलं, वहिनी जिंकली, आता सगळ्यांना बटाटेवडे खायला घाल. पॉलिन प्रोग्राम अर्ध्यावर असतानाच आत गेली होती. टीव्ही संपला. लख्ख उजेडात तिघं एकमेकांची तोंडं बघत बसली. इतके शनिवार ज्याच्या नावानं बोटं मोडली तो काळोख आता हवाहवासा वाटू लागला. शेवटी प्लासिडनंच उठून बल्ब बंद केला. ज्युलियसनं बॅटरी पेटवली, खुर्चीच्या हातावर ठेवली.

"चला. पुढचा कोण?"

कुणी उठलं नाही.

"पॉलिन, ये ना. छत्रीवाल्याचं तुझंच खरं झालं. आज तू मागशील त्याला दिवा."

ती उंबऱ्याशी आली. हात पिकल्या केळ्यांनी चिकट झाले होते, ते तिनं अंगापासून लांब धरले होते.

"माझं मागून झालंय. मागच्या शनिवारी."

"कधी?"

"तुम्ही दिवा विझवलात तेव्हा."

ज्युलियस हसायला गेला. धोंडूबाई खाली बघत होती, प्लासिडही हसत नव्हता, त्यामुळे ते हसू मध्येच थांबलं.

"अगं, ते नाटक होतं."

"नाव कुणाचं सांगितलं मी?"

"मग सरळ विचारायचं होतंस. जेवताना विचारायचंस."

"जेवताना काय म्हणाला असतात?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"सिमेंट आलंय, म्हणालो असतो."

"म्हणून इथं विचारलं. म्हटलं, एरॉलच्या बापाला ऐकायला वेळ नाही, शेठ तरी ऐकतील. धोतरवाल्याचं ऐकलंत, कुकरवालीचं ऐकलंत. मान वाकडी करून ऐकलंत."

"पण पॉलिन, मला कसं कळणार..."

"नाही कळलं, ते मला समजतं. इतके शनिवार मी हरत आले, तुम्हाला बरं वाटतं म्हणून. तुम्हाला तेच माहीत." तिचा आवाज चढला नव्हता. "पण एक सांगा. साहेबानं तुम्हाला कधी बसा म्हटलं नाही, हे लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. पाठ आहे मला. माझ्या आयुष्यात मी एकदा मागायला उभी राहिले. तुम्ही मला बस म्हणालात?"

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. प्लासिड खांबापासून जरा सरळ झाला. धोंडूबाईनं पायरीवरून पाय मागं घेतले, वाट करून दिल्यासारखे.

ज्युलियस खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन उठला. बल्बच्या बटनाकडं गेला नाही, बॅटरीलाही हात लावला नाही. चटईवरून नेहमी कडेकडेनं जायचा, आज सरळ त्या उजेडाच्या गोलातून चालत गेला. पायरीखालच्या चपला पायांनीच शोधून त्यानं आत सरकवल्या.

"कुठं निघालात?" पॉलिननं विचारलं.

ज्युलियसनं फाटकाची कडी काढली आणि कृष्णा गवंड्याच्या घराकडं चालू लागला.